कोकणी ताटासोबत वाइन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरून वाइनविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. नाशिकच्या किंवा पुण्याच्या वाचकाला दिलेले उत्तर आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाही. आपल्या ताटात कोकम, ओले खोबरे, तिरफळ आणि ताजी मासळी असते आणि आपल्या घरातील तापमान वर्षाचा बराच काळ तीस अंशांच्या आसपास असते. वाइन आवडणे किंवा न आवडणे बऱ्याच अंशी या दोन गोष्टींवर ठरते, म्हणून पुढील उत्तरे त्या ध्यानात ठेवून लिहिली आहेत.

१. वाइन म्हणजे नेमके काय, आणि ती माडीपेक्षा किंवा फेणीपेक्षा वेगळी कशी?

द्राक्षाच्या रसातील साखरेचे यीस्टच्या साहाय्याने अल्कोहोल होते आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो. उरते ती वाइन. हा रस कधीही उकळून त्याची वाफ धरली जात नाही, म्हणून वाइनमध्ये अल्कोहोलचे प्रमाण साधारणतः ११ ते १४.५ टक्के राहते. माडीही माडाच्या रसाच्या आंबण्यातूनच होते, त्यामुळे प्रक्रियेच्या दृष्टीने ती वाइनला जवळची आहे. काजूच्या बोंडांची फेणी मात्र ऊर्ध्वपातनाने काढतात आणि तिच्यातील अल्कोहोल ४० टक्क्यांच्या पुढे जाते. फेणीच्या मापाने वाइन आणि वाइनच्या मापाने फेणी पिऊ नये, एवढे तरी यावरून लक्षात ठेवावे.

२. लाल, पांढरी, गुलाबी आणि फेसाळ वाइन यांत फरक कशामुळे पडतो?

बहुतेक सर्व द्राक्षांचा रस फिकट रंगाचाच असतो; रंग असतो सालीत. लाल वाइनमध्ये रस सालीसह आंबवतात, त्यामुळे रंगासोबत टॅनिन हा तुरट घटकही उतरतो. पांढरी वाइन करताना साल आधीच वेगळी काढतात. गुलाबी वाइनमध्ये काळ्या द्राक्षांची साल काही तासच रसात ठेवतात. फेसाळ वाइनमध्ये तयार वाइन पुन्हा एकदा बंद बाटलीत किंवा बंद टाकीत आंबवतात, जेणेकरून वायू बाहेर न जाता तिच्यातच विरघळून राहतो. शँपेन हे नाव केवळ फ्रान्समधील त्या नावाच्या प्रदेशातील वाइनला लावता येते. त्याच पद्धतीने नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी भागात केलेल्या वाइनला स्पार्कलिंग वाइन म्हणावे.

३. मी अजून वाइन चाखलेली नाही. सुरुवात कोणत्या प्रकाराने करावी?

कोकणातील वाचकाला माझे उत्तर ठाम आहे: शेनिन ब्लाँ ही पांढरी वाइन. हे द्राक्ष मूळचे फ्रान्समधील ल्वार नदीच्या खोऱ्यातील. नाशिक परिसरात ते चांगले रुजले असून आपल्याकडील बहुतेक वाइनरी त्याची वाइन करतात. पेरू, नाशपाती आणि थोडासा मध असा त्याचा गंध असतो. त्याची खरी ताकद मात्र आम्लतेत आहे, कारण उन्हाळी प्रदेशात पिकूनही हे द्राक्ष आपली आम्लता बऱ्यापैकी टिकवून धरते. आपल्याकडे मिळणाऱ्या अनेक शेनिन ब्लाँमध्ये थोडी साखर शिल्लक ठेवलेली असते. ती जिभेवर गोड म्हणून जाणवतेच असे नाही, पण मिरचीचा दाह ती कमी करते. आंबट, तिखट आणि खोबऱ्याने किंचित गोड अशा तिन्ही चवी एकाच घासात असणाऱ्या जेवणासमोर टिकणारी दुसरी वाइन शोधणे अवघड आहे. महागड्या लाल वाइनने सुरुवात करून, तुरट लागली म्हणून वाइनचा नादच सोडून दिलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यांच्यासाठी मला वाईट वाटते, कारण एका थंडगार शेनिनने त्यांचे मत बदलले असते.

४. दुकानातील बाटलीवर ‘ड्राय’ लिहिलेले असते. द्रव पदार्थ ड्राय कसा?

साखर जवळजवळ पूर्ण आंबून गेली आहे, गोडवा उरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘ऑफ-ड्राय’ किंवा ‘सेमी-ड्राय’ असेल तर थोडी साखर शिल्लक आहे. तिखट जेवणासाठी बाटली निवडताना हा शब्द किमतीपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

५. सोव्हिन्यों ब्लाँला हिरव्या ढोबळी मिरचीसारखा वास येतो. बाटली खराब आहे का?

खराब नाही. या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षात पायराझिन गटातील संयुगे असतात आणि तीच ढोबळी मिरचीतही असतात. न्यूझीलंडच्या आणि थंड प्रदेशातील बाटल्यांत हा वास विशेष जाणवतो. नाशिकच्या उन्हात द्राक्ष अधिक पिकल्याने तो सौम्य होतो आणि लिंबूवर्गीय फळांचा गंध पुढे येतो. लिंबू पिळलेल्या तिसऱ्या, कोथिंबीर-हिरवी मिरची लावून भाजलेली कोळंबी किंवा हिरव्या वाटणातील कोणताही पदार्थ यांच्यासोबत ही वाइन घ्यावी. लाल तिखटाच्या रश्श्यासोबत ती मला रुचत नाही, कारण तेथे तिची धार मिरचीच्या धारेत मिसळून जाते.

६. मासळीबरोबर लाल वाइन घेतली की तोंडाला लोखंडासारखी चव का येते?

हा अनुभव अगदी खरा आहे आणि त्यामागे रसायनशास्त्र आहे. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी अनेक वाइन स्कॅलप या शिंपल्यासोबत चाखून पाहिल्या, तेव्हा ज्या वाइनमध्ये लोहाचे प्रमाण अधिक होते त्यांच्यासोबत मासळीचा उग्र वास वाढल्याचे त्यांना आढळले. लोह मासळीतील मेदाच्या विघटनाला चालना देते आणि हा वास तोंडातच तयार होतो. लाल वाइनमध्ये लोह बहुधा अधिक असते, आणि त्यावर टॅनिनचा कडवटपणा चढतो. त्यातही बांगडा आणि तारली या तेलकट मासळीसोबत हा त्रास सर्वांत जास्त जाणवतो, तर पापलेट किंवा मुडदुशीसारख्या कमी तेलाच्या मासळीसोबत कमी. मासळी ताजी नसेल तर विघटन आधीच सुरू झालेले असते, म्हणून बर्फात अनेक दिवस राहिलेल्या सुरमईबरोबर लाल वाइनचा विचारही करू नये. अपवाद हवाच असेल तर कमी टॅनिनची, थंड केलेली लाल वाइन आणि चांगला भाजलेला मासा यांची जोडी करून पाहावी.

७. तळलेल्या मासळीसाठी सर्वांत चांगली वाइन कोणती?

ड्राय स्पार्कलिंग, ज्यावर ‘ब्रूट’ लिहिलेले असते. रवा लावून कुरकुरीत तळलेला ओला बोंबील आणि थंड ब्रूट ही कोकणात मिळू शकणारी सर्वांत सुंदर जोडी आहे, असे मी पूर्ण विश्वासाने म्हणेन. बुडबुडे आणि आम्लता मिळून जिभेवरील तेलाचा थर धुऊन काढतात, मिठामुळे वाइनचा आंबटपणा मऊ भासतो, आणि बोंबलाचे नाजूक मांस वाइनखाली दबत नाही. फक्त मसाला बेताचा असावा. बुडबुड्यांतील कार्बन डायऑक्साइड स्वतःच जिभेला चुरचुरतो आणि तिखटाची जळजळ वाढवतो.

८. झणझणीत मालवणी रस्सा किंवा कोंबडी-वडे असतील तर?

मिरचीतील कॅप्सेसिनचा दाह अल्कोहोलमुळे वाढतो, टॅनिनमुळेही वाढतो आणि साखरेमुळे कमी होतो. म्हणून १२ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेली, किंचित गोड आणि चांगली थंड वाइन निवडावी: शेनिन ब्लाँ (प्रश्न ३), ऑफ-ड्राय रीसलिंग, किंवा गुलाबी वाइन. कोंबडी-वड्यांसोबत मी गुलाबी वाइनच सुचवतो. तिच्यात लाल फळांचा गंध असतो, त्यामुळे भाजलेल्या खोबऱ्याच्या आणि मसाल्याच्या वाटणाशी ती जुळते आणि टॅनिन फारच कमी असल्यामुळे घशाशी भांडत नाही. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे असतात आणि त्यांच्यामुळे जिभेला मुंग्या येतात. अशा वेळी तुरट वाइन फारच खरखरीत लागते. तिरफळाच्या सालीचा लिंबासारखा सुगंध आणि गेवुर्त्सट्रामिनर या द्राक्षाचा गुलाब-लिचीचा सुगंध एकमेकांना शोभतात. ती बाटली मिळणे कठीण, पण मिळाली तर सोडू नये.

९. ओल्या नारळाच्या रसातील कालवणासोबत काय घ्यावे?

येथे शार्दोने ही पांढरी वाइन. ती ओक लाकडाच्या पिंपात मुरवलेली असेल तर अधिकच चांगले. ओकमध्ये लॅक्टोन नावाचे संयुग असते आणि त्याचा वास साक्षात नारळाचा असतो. अमेरिकन ओकमध्ये त्याचे प्रमाण फ्रेंच ओकपेक्षा सहसा अधिक असते. शिवाय अशा वाइनमधील मॅलिक आम्लाचे जिवाणूंच्या साहाय्याने मऊ लॅक्टिक आम्लात रूपांतर केलेले असते, ज्यातून तिला लोण्यासारखा गुळगुळीतपणा येतो. नारळाच्या दुधातील कोळंबी, कुर्ल्यांचे सौम्य कालवण, खोबरे घातलेली ओल्या काजूगरांची उसळ या सर्वांना ती साजते. मात्र कालवणात कोकम किंवा आमसुले सढळ हाताने घातली असतील तर हीच वाइन मिळमिळीत लागते. वाइन ताटातील पदार्थाइतकी तरी आंबट असावी, हा नियम येथे कामी येतो आणि पुन्हा शेनिनकडे किंवा सोव्हिन्यों ब्लाँकडे वळावे लागते.

१०. सोलकढी आणि वाइन एकाच जेवणात चालतील का?

एकाच वेळी घेऊ नयेत. सोलकढीतील आगळाची, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसाची, आम्लता इतकी तीव्र असते की तिच्यानंतर घेतलेली कोणतीही वाइन सपक लागते; लसूण आणि मिरची उरलेसुरले गंधही झाकून टाकतात. वाइन तळलेल्या मासळीबरोबर संपवावी आणि सोलकढी भाताच्या वेळी, शेवटी घ्यावी. आपल्या जेवणाचा क्रमही बहुधा तसाच असतो.

११. मग लाल वाइन कोकणात घ्यायचीच नाही का?

अवश्य घ्यावी, परंतु पदार्थ आणि हवामान पाहून. शिराझ ही नाशिकमध्ये चांगली होणारी लाल वाइन. तिच्यातील मिऱ्याचा वास हा केवळ भास नाही. रोटंडोन नावाचे संयुग ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी शिराझमध्ये ओळखले आणि तेच काळ्या मिऱ्याच्या सुगंधालाही कारणीभूत असते. पोफळीवर मिरवेल चढवणाऱ्या बागायतदाराला हा वास ओळखायला क्षणही लागत नाही, आणि तो ओळखता आल्यावर पेल्यातील गंधांविषयीचे पुष्कळ बुजरेपण निघून जाते. मिरी घालून केलेले मटणाचे सुके, भाजलेल्या खोबऱ्याची सागुती, काळ्या वाटाण्यांचे सांबार यांच्यासोबत शिराझ घ्यावी. मटणातील प्रथिने आणि मेद टॅनिनला बांधून घेतात, म्हणून एरवी तुरट लागणारी वाइन मांसासोबत मऊ होते. अकलूज परिसरात होणारी सांजोव्हेजे ही इटालियन जातीची वाइन आम्लतेने उजवी असल्यामुळे टोमॅटो किंवा चिंच असलेल्या रश्श्याला चालते. काबर्ने सोव्हिन्यों मात्र तिच्या जड टॅनिनमुळे आपल्या स्वयंपाकापासून मला दूरच वाटते. पावसाळ्यातील संध्याकाळी, भाजलेल्या मांसासोबत ती बरी.

१२. आमच्या घरी मासे-मटण शिजत नाही. आमच्यासाठी काय?

कच्च्या फणसाच्या भाजीत खोबरे आणि मोहरीची फोडणी असते. तिला शेनिन ब्लाँ. डाळिंब्यांच्या उसळीला गुलाबी वाइन. कुळथाच्या पिठीला किंवा काळ्या वाटाण्याला हलकी लाल वाइन. घावन-चटणीसोबत सोव्हिन्यों ब्लाँ. वाइन शाकाहारी आहे की नाही, हा निराळा प्रश्न असून त्याचे उत्तर प्रश्न १८ मध्ये आहे.

१३. उकडीचे मोदक किंवा हापूस आंब्यासोबत वाइन घेता येते का?

वाइन पदार्थापेक्षा अधिक गोड असावी, अन्यथा ती आंबट आणि रिकामी लागते. लेट हार्वेस्ट शेनिन ब्लाँ यासाठीच असते: द्राक्षे वेलीवर नेहमीपेक्षा जास्त काळ ठेवून त्यांतील साखर वाढू देतात आणि मग ती काढतात. गूळ-खोबऱ्याच्या सारणाला तिचा मधाळपणा फार चांगला जुळतो. अर्थात नैवेद्याच्या मोदकांचा संबंध येथे जोडू नये. हापूसचे मात्र वेगळे आहे. पूर्ण पिकलेल्या हापूसचा सुगंध इतका भरगच्च असतो की बहुतेक वाइन त्याखाली हरवून जातात. पर्याय म्हणून हलकी, गोडसर मॉस्कातो चालते. माझ्या मते आंबा आंब्यासाठीच खावा.

१४. वाइन किती थंड असावी? लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला घ्यावी म्हणतात ना?

ती सूचना युरोपातील थंड घरांसाठी होती. वेंगुर्ल्यातील मे महिन्याची खोली त्या अर्थाने खोलीच नाही. स्पार्कलिंग ६ ते ८ अंश, हलकी पांढरी आणि गुलाबी ८ ते १०, ओकमधील शार्दोने १० ते १३ आणि लाल १५ ते १८ अंश सेल्सिअस असावी. म्हणजे लाल वाइनसुद्धा वाढण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवली पाहिजे. उष्ण लाल वाइनमध्ये अल्कोहोल नाकात शिरते आणि फळाचा गंध दबतो, आणि आपल्याकडे लाल वाइन न आवडण्याचे हे एक मोठे कारण आहे. घाई असल्यास बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली पंधरा-वीस मिनिटे बुडवावी. नुसत्या बर्फापेक्षा हे लवकर थंड करते. पेल्यात बर्फ घालू नये, कारण तो वितळून चव पातळ करतो.

१५. वातानुकूलन नसलेल्या घरात बाटल्या कशा साठवाव्यात?

खरे सांगायचे तर फार साठवू नयेत. वाइनला १२ ते १४ अंशांचे स्थिर तापमान मानवते. तीस अंशांत काही महिने राहिलेली वाइन शिजल्यासारखी लागते आणि कधीकधी बूच वर सरकते. जास्तीत जास्त एक-दोन महिन्यांपुरत्या बाटल्या घ्याव्यात आणि फ्रिजमध्ये, दारापासून दूर ठेवाव्यात. माळ्यावर किंवा पत्र्याच्या छपराखाली कधीही ठेवू नयेत. फिरकीच्या झाकणाची बाटली कमी प्रतीची असते, हा समज चुकीचा आहे. दमट हवेत ते झाकण उलट सोयीचेच.

१६. उघडलेली बाटली किती दिवस टिकते?

झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवल्यास पांढरी, गुलाबी आणि लाल तीन ते पाच दिवस, स्पार्कलिंग खास बूच असल्यास एक ते तीन दिवस. बाहेर ठेवल्यास आपल्या हवेत दुसऱ्याच दिवशी ती उतरलेली जाणवते.

१७. बाटलीच्या तळाशी काचेसारखे खडे दिसले, तर दुसऱ्या बाटलीला कुबट वास आला. दोन्ही परत करावीत का?

खडे टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असतात. वाइन फार थंड झाल्यावर ते तळाशी बसतात आणि पूर्णपणे निरुपद्रवी असतात. पावसाळ्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास मात्र दोष आहे. बुचातील टीसीए नावाच्या संयुगामुळे तो येतो. त्याने अपाय होत नाही, पण फळाचा सारा गंध मरतो, म्हणून ती बाटली दुकानदाराला परत न्यावी.

१८. वाइन शाकाहारी असते का?

द्राक्षे आणि यीस्ट शाकाहारीच. प्रश्न येतो वाइन नितळ करण्याच्या टप्प्यावर. त्यासाठी परंपरेने अंड्याचा पांढरा बलक, दुधातील केसिन, जिलेटिन किंवा आयसिंग्लास वापरत आले आहेत. आयसिंग्लास म्हणजे माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ. घोळ माशाच्या ज्या पिशवीला आपले मच्छीमार बोत म्हणतात, तोच अवयव. हे पदार्थ गाळासोबत खाली बसतात आणि काढून टाकले जातात, तरीही केसिन सोडल्यास काटेकोर शाकाहारी व्यक्तीला ते मान्य होणार नाहीत. बेंटोनाइट ही माती वापरून केलेली वाइन त्यांना चालेल. बाटलीवर ‘व्हेगन’ असे लिहिले असल्यास शंका उरत नाही. नसल्यास वाइनरीला थेट विचारावे.

१९. वाइन हृदयाला चांगली असते आणि डोकेदुखी सल्फाइटमुळे होते, हे खरे का?

पहिल्या समजावर विसंबून कोणीही वाइन सुरू करू नये. अल्कोहोलचे कोणतेही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात, आणि १२.५ टक्क्यांच्या एका पेल्यात सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. गर्भारपणात, यकृताचा आजार असताना किंवा वाहन चालवायचे असताना वाइन घेऊच नये. सल्फाइट म्हणजे वाइन टिकवण्यासाठी वापरतात ते गंधकाचे संयुग. ते लाल वाइनमध्ये पांढरीपेक्षा सहसा कमी असते आणि डोकेदुखीची तक्रार मात्र लालविषयीच अधिक येते, म्हणून तो दोष बहुधा सल्फाइटचा नाही. दमा असलेल्यांना सल्फाइटचा त्रास होऊ शकतो, त्यांनी डॉक्टरांना विचारावे.

२०. एवढा समृद्ध कोकण, मग येथे वाइनची द्राक्षे का होत नाहीत?

येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि हवा बाराही महिने दमट असते, त्यामुळे केवडा आणि भुरी हे रोग वेलीला सोडत नाहीत. शिवाय रात्रीही उष्ण असल्यास द्राक्षातील मॅलिक आम्ल लवकर खर्च होते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर असून तेथील हिवाळ्याच्या रात्री गार असतात. म्हणूनच पावसाळ्यानंतर छाटणी करून द्राक्षे साधारणतः जानेवारी ते मार्च या काळात काढतात. आपल्याकडील जांभूळ, करवंद, आंबा आणि काजूबोंडे यांपासूनही वाइन होऊ शकते. जांभूळ आणि करवंदात रंग व आम्लता उत्तम असते, पण साखर कमी पडल्याने ती वरून घालावी लागते. काजूबोंडातील तुरटपणा आधी काढावा लागतो. घट्ट रंगाची, नीट आंबवलेली जांभळाची वाइन मटणासोबत सुंदर लागते, आणि या फळांकडे आपल्या भागाने अधिक गांभीर्याने पाहावे असे मला मनापासून वाटते.

२१. गोव्यात वाइन स्वस्त मिळते आणि तेथील पोर्टही प्रसिद्ध आहे. येताना आणावी का?

महाराष्ट्राचे उत्पादन शुल्क न भरलेले मद्य परवान्याशिवाय राज्यात आणणे हा गुन्हा आहे आणि बांद्याजवळ इन्सुली येथे उत्पादन शुल्क विभागाचा तपासणी नाका आहे. तेव्हा आणू नये. तेथेच जेवणासोबत घ्यावी. पोर्टविषयी एक खुलासा आवश्यक आहे. पोर्तुगालच्या दोउरू खोऱ्यातील पोर्टमध्ये आंबणे अर्धवट असतानाच द्राक्षाचे स्पिरिट मिसळतात, यीस्ट थांबते, साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास जाते. गोव्यात त्या नावाने मिळणारी स्वस्त, गोड लाल वाइन हा निराळा प्रकार आहे. ती चांगली थंड करून बेबिंकासारख्या गोड पदार्थासोबत थोडी घेतल्यास छान लागते. मासळीच्या ताटासोबत मात्र तिचा गोडवा आणि लालपणा दोन्ही आड येतात, त्याचे कारण प्रश्न ६ मध्ये दिले आहे.